घोडे, उंट, खेचरं आणि बैल : लिनिअर अल्जिब्रा नेमका कशाबद्दल आहे?

चार जण आहेत. पहिल्याकडे ५ घोडे, २ उंट, ८ खेचरं आणि ७ बैल. दुसऱ्याकडे ३ घोडे, ७ उंट, २ खेचरं आणि १ बैल. तिसऱ्याकडे त्याच क्रमाने ६, ४, १ आणि २. चौथ्याकडे ८, १, ३ आणि १. चौघांच्या जनावरांची एकूण किंमत सारखीच भरते. तर एक घोडा केवढ्याला, एक उंट केवढ्याला, खेचर आणि बैल केवढ्याला?

हे उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलं आहे, साधारण ११५० सालचं. मूळ श्लोकात आकडे सरळ येत नाहीत. आठाला ‘मंगल’ म्हटलंय, साताला ‘मुनी’, चाराला ‘श्रुती’, तिनाला ‘पावक’. अज्ञात राशींना तिथे क्ष, य म्हणत नाहीत, त्यांना रंगांची नावं असतात: कालक, नीलक, पीतक. आणि प्रकरणाचं नाव ‘अनेकवर्णसमीकरण’, म्हणजे अनेक रंगांचं समीकरण. मला हे नाव फार आवडतं.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी हे गणित घालतो, तेव्हा वर्गात बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. मुलं चार अज्ञात बघतात, चार माणसं बघतात आणि क्रेमरची पद्धत लावायला घेतात. दहावीत ‘निश्चयक’ शिकलेले असतात, अकरावी-बारावीत त्याचंच ‘डिटर्मिनंट’ झालेलं असतं, हात बसलेला असतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की चौघं सारखे आहेत एवढंच माहीत आहे, किती रुपयांचे आहेत हे माहीतच नाही. पहिला दुसऱ्याइतका, दुसरा तिसऱ्याइतका, तिसरा चौथ्याइतका: समीकरणं तीनच. अज्ञात चार. मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, चौरस होतच नाही, क्रेमर चालत नाही. ‘सर, डेटा कमी आहे.’

डेटा कमी आहे हे खरं. पण किती कमी आहे, आणि कमी असूनही काय काय कळतं, याचं नेमकं उत्तर देता येतं. लिनिअर अल्जिब्राचा पहिला अभ्यासक्रम मुख्यतः तेच उत्तर शिकवतो. दुर्दैवाने तो शिकताना हे सहसा कळत नाही. रँक काढता येते, इन्व्हर्स काढता येतो, आयगेनव्हॅल्यू काढता येतात, पेपरात मार्कही पडतात. आणि ‘मग रँक ३ आली म्हणजे काय झालं?’ असं विचारलं की शांतता पसरते. त्या शांततेसाठी हा लेख आहे.

फराळाचे डबे

भास्कराचार्यांकडे परत येऊ. आधी एक सोपं उदाहरण हवं.

समजा एक बचत गट दिवाळीला फराळाचे डबे विकतो. पुडे पाव-पाव किलोचे. छोट्या डब्यात शेवेचे २ पुडे आणि बेसनलाडवांचा १. मोठ्या डब्यात शेवेचे ३ आणि लाडवांचे ४. ऑर्डर आली, १० छोटे आणि ५ मोठे. किती पुडे भरायचे? शेवेचे २० अधिक १५, म्हणजे ३५. लाडवांचे १० अधिक २०, म्हणजे ३०. हे तोंडी होतं. हेच कागदावर मांडलं की मॅट्रिक्स होते:

२  ३
१  ४

या चौकटीकडे नुसते चार आकडे म्हणून बघू नका. ही एक क्रिया आहे. एका बाजूने डब्यांची ऑर्डर आत जाते, दुसऱ्या बाजूने पुड्यांची यादी बाहेर येते. आणि उभ्या रांगा वाचा: पहिली उभी रांग, २ आणि १, म्हणजे एक छोटा डबा आत टाकला तर बाहेर काय येतं ते. दुसरी उभी रांग म्हणजे एक मोठा डबा आत टाकला तर काय येतं ते. कुठलीही मॅट्रिक्स समोर आली की आधी उभ्या रांगा वाचायच्या. पहिली रांग सांगते की (१, ०) हा व्हेक्टर (म्हणजे क्रमाने लिहिलेली आकड्यांची यादी, इथे एक छोटा, शून्य मोठे) कुठे गेला, दुसरी सांगते (०, १) कुठे गेला. एवढं कळलं की बाकीचं सगळं ठरलं, कारण १० छोटे आणि ५ मोठे म्हणजे पहिल्या रांगेची दहापट अधिक दुसरीची पाचपट.

असं का ठरतं? कारण क्रिया ‘लिनिअर’ आहे. दोन ऑर्डरी एकत्र केल्या तर लागणारे पुडेही एकत्र होतात, ऑर्डर तिप्पट झाली तर पुडे तिप्पट. बस, लिनिअर शब्दाचा अर्थ इतकाच. गटाने उद्या ‘दहा डब्यांवर एक फुकट’ अशी योजना काढली की क्रिया लिनिअर राहत नाही. घरपोच देण्याचे सरसकट ५० रुपये लावले तरीही राहत नाही. इथे पुष्कळ जण अडखळतात. दहावीत आलेख सरळ रेषेचा आला की समीकरण रेषीय म्हणायची सवय झालेली असते. पण ‘डब्यांची किंमत अधिक ५०’ हा नियम शून्य डब्यांनाही ५० रुपये लावतो, दोन ऑर्डरी एकत्र केल्या तर ५० एकदाच लागतात आणि वेगळ्या केल्या तर दोनदा. आलेख सरळ रेषेचाच येईल, पण ती रेषा शून्यातून जाणार नाही. या विषयात शून्य शून्यावरच गेलं पाहिजे.

आता गुणाकाराकडे येतो, कारण ‘आडवी रांग गुणिले उभी रांग’ हा नियम कुठून आला हे वर्षानुवर्षं कुणी सांगत नाही. शेवेच्या एका पुड्याला बेसन २०० ग्रॅम लागतं, साखर शून्य. लाडवांच्या पुड्याला बेसन १०० आणि साखर १०० ग्रॅम. (तेल, तूप इथे सोडून देऊ.) ही झाली दुसरी मॅट्रिक्स:

२००  १००
०  १००

हिच्यात पुडे आत जातात, किराणा बाहेर येतो. मग एका छोट्या डब्याला थेट किराणा किती? शेवेचे दोन पुडे म्हणजे ४०० ग्रॅम बेसन, लाडवांच्या एका पुड्याचं १००, एकूण ५००. साखर १००. मोठ्या डब्याला बेसन ६०० अधिक ४००, म्हणजे १०००. साखर ४००. डबे ते किराणा अशी थेट मॅट्रिक्स तयार झाली:

५००  १०००
१००  ४००

तुम्ही आत्ता मॅट्रिक्सचा गुणाकारच केलात, नियम न आठवता. गुणाकार म्हणजे एकामागून एक दोन क्रिया. आर्थर केली यांनी १८५८ मध्ये मॅट्रिक्सवरचा जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात गुणाकाराचा नियम याच कल्पनेतून येतो.

क्रम बदलला तर उत्तर का बदलतं तेही यातून दिसतं. किराण्याची यादी डब्यांच्या ठिकाणी घातली तर आकडे येतील, अर्थ राहणार नाही. जिथे दोन्ही क्रम अर्थपूर्ण असतात तिथेही फरक पडतो. रबराच्या चौकोनी तुकड्यावर एखादं उभट अक्षर काढा. आधी पाव वळसा फिरवून मग आडवं ताणलं, तर आडवं पडलेलं ते अक्षर आणखी लांबुळकं होईल. आधी आडवं ताणून मग फिरवलं, तर अक्षर रुंद होऊन आडवं पडेल. दोन वेगळी चित्रं, दोन वेगळ्या मॅट्रिक्स.

काय हरवतं

माझ्या मते पहिल्या अभ्यासक्रमाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पुड्यांच्या संख्येवरून ऑर्डर ओळखता येईल का? गोदामात शेवेचे ३५ आणि लाडवांचे ३० पुडे आहेत. याचा अर्थ १० छोटे, ५ मोठे. दुसरा कुठलाही मेळ बसत नाही. म्हणजे क्रिया उलटी फिरवता येते, इन्व्हर्स आहे. डिटर्मिनंट काढा: २ गुणिले ४ वजा ३ गुणिले १, म्हणजे ५. हा ५ नेमका काय मोजतो? आलेखाच्या कागदावर एकक बाजूचा चौरस घ्या, त्याच्यावर ही मॅट्रिक्स चालवा. चौरसाचा समांतरभुज चौकोन होतो आणि त्याचं क्षेत्रफळ ५ भरतं. कागदावरचं प्रत्येक क्षेत्रफळ पाचपट होतं. उत्तर ऋण आलं असतं, तर कागद पालथा झाला असता, एवढाच अर्थ.

आता पुढच्या वर्षी गटाने ठरवलं की मोठा डबा म्हणजे सरळ छोट्याची दुप्पट: शेव ४, लाडू २.

२  ४
१  २

डिटर्मिनंट: ४ वजा ४, शून्य. चौरस चपटा होऊन रेषा झाला, क्षेत्रफळ उरलंच नाही. आता गोदामात शेवेचे २० आणि लाडवांचे १० पुडे दिसले. ऑर्डर काय होती? १० छोटे असतील. ५ मोठे असतील. ४ छोटे आणि ३ मोठेही असू शकतील. सांगता येत नाही. आणि समजा शेवेचे २० आणि लाडवांचे १५ पुडे उरलेत, यातून एकही पुडा न उरता डबे भरा म्हटलं, तर ते जमणारच नाही, कारण या डब्यांत शेव नेहमी लाडवांच्या दुप्पट असते.

दोन गोष्टी एकदम बिघडल्या. काही ठिकाणी पोहोचता येईना, आणि पोहोचलो तिथून परतीची वाट एकच राहिली नाही. पोहोचण्याजोग्या ठिकाणांना पुस्तकात ‘कॉलम स्पेस’ म्हणतात, तिची मिती, म्हणजे तिच्यात किती स्वतंत्र दिशा आहेत तो आकडा, म्हणजे रँक. इथे रँक १, कारण सगळी उत्तरं एका रेषेवर येऊन पडतात. आणि परतीच्या वाटेतला घोळ म्हणजे ‘नल स्पेस’. २ छोटे डबे वाढवा, १ मोठा कमी करा: स्वयंपाकघराला पत्ताही लागत नाही, पुडे तेवढेच. म्हणून (२, −१) हा व्हेक्टर या मॅट्रिक्सच्या नल स्पेसमध्ये आहे. नल स्पेस म्हणजे ऑर्डरमधले असे बदल, जे बाहेर दिसतच नाहीत.

‘लिनिअर डिपेंडन्स’ची ती लांबलचक व्याख्या, ‘सगळे अदिश शून्य नसताना बेरीज शून्य’ वगैरे, हेच सांगते. एका तरी रांगेत असं काही नवं नाही, जे बाकीच्यांतून मिळत नाही.

आता जनावरांकडे. शेजारशेजारच्या दोघांची वजाबाकी केली की तीन ओळी मिळतात, क्रम घोडा, उंट, खेचर, बैल:

२  −५  ६  ६
−३  ३  १  −१
−२  ३  −२  १

प्रत्येक ओळीचं उत्तर शून्य. म्हणजे आपण या मॅट्रिक्सची नल स्पेसच शोधतोय! पहिली ओळ तिसरीत मिळवली की घोडा जातो आणि उरतात ०, −२, ४, ७. दुसरीची दुप्पट आणि पहिलीची तिप्पट मिळवली की ०, −९, २०, १६. या दोघींमधून उंटही घालवला की एकच ओळ उरते: ४ खेचरं बरोबर ३१ बैल.

इथे थांबायचं. यापुढे ओळ नाही, पण बैलाची किंमत अजून मोकळीच आहे. तुम्ही ठरवाल ती. पूर्णांकात उत्तर हवं म्हणून बैल ४ घेतला, तर खेचर ३१. मागे जात गेलं की उंट ७६, घोडा ८५. भास्कराचार्यांनी दिलेलं उत्तरही हेच आहे: ८५, ७६, ३१, ४. ताळा करून बघा, प्रत्येकाची मालमत्ता ८५३ भरते. आणि चारही किमती दुप्पट केल्या, दहापट केल्या, तरी चौघं सारखेच राहतात.

अज्ञात चार, रँक तीन, मोकळीक एकाची. चार वजा तीन बरोबर एक. याला रँक-नलिटी प्रमेय म्हणतात आणि ते प्रत्येक मॅट्रिक्सला लागू पडतं: जितकी चलं आत गेली, त्यातली काही बाहेर दिसतात, उरलेली हरवतात, बेरीज नेहमी जुळते. ‘डेटा कमी आहे’ म्हणणाऱ्या मुलाला आता सांगता येतं की एकाने कमी आहे. किमतींचं प्रमाण पक्कं कळतं, फक्त रुपया केवढा धरायचा ते कळत नाही. एका बैलाचा बाजारभाव विचारून या, बाकी सगळं आपण सांगू.

ओळीत ओळ मिळवून अज्ञात घालवण्याच्या या पद्धतीला आपण जर्मन गणितज्ञ गाउस यांचं नाव देतो, पण ती त्यांच्याआधी कितीतरी शतकं वापरात होती. चीनमधल्या ‘नऊ प्रकरणां’च्या प्राचीन गणितग्रंथात आठवं प्रकरण याच पद्धतीचं आहे. धान्याच्या तीन प्रतींच्या पेंढ्या, तीन समीकरणं, आकडे रकान्यांत मांडलेले. लिउ हुई यांनी त्यावर २६३ साली भाष्य लिहिलं. आपल्याकडे चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद सापडते. म्हणजे घोडे-उंटांचं हे गणित खानदेशात आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाटीवर सोडवलेलं असणार, असं मला नेहमी वाटत राहतं.

व्हेक्टर स्पेस का हवी?

बहुतेकांचा विषय सुटतो तो इथे. तोवर आकडे होते, आता अचानक फळ्यावर ‘व्हेक्टर स्पेस’चे आठ-दहा नियम येतात: बेरीज बंदिस्त असावी, शून्य असावा, विरुद्ध असावा… आणि हे सगळं कशासाठी, ते कळत नाही.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी याचं सगळ्यात चांगलं कारण त्यांच्याच दुसऱ्या पेपरात पडलेलं असतं. डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना तुम्ही ‘सीएफ अधिक पीआय’ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन अधिक पर्टिक्युलर इंटिग्रल) लिहिता. आधी उजवी बाजू शून्य धरून उत्तर, मग खऱ्या उजव्या बाजूसाठी कुठलं तरी एक उत्तर, दोघांची बेरीज. हे असं का करतात? फराळाकडे बघा. २० आणि १० पुड्यांसाठी एक उत्तर शोधा, १० छोटे. त्यात बाहेर न दिसणारे बदल मिळवत राहा, २ छोटे कमी, १ मोठा जास्त. सगळी उत्तरं मिळाली. एक उत्तर अधिक नल स्पेस. सीएफ ही नल स्पेस आहे, पीआय हे ते एक उत्तर. गणित तेच. बदललंय इतकंच की आत जाणारी वस्तू आता आकड्यांची जोडी नाही, फलन आहे. झोपाळ्यासारख्या साध्या आंदोलनाच्या समीकरणात साइन आणि कोसाइन ही दोन उत्तरं मिळतात, बाकीची सगळी त्या दोघांच्या पटींची बेरीज. म्हणजे त्या उत्तरांच्या स्पेसची मिती २.

फलनांची बेरीज होते, त्यांना संख्येने गुणता येतं, म्हणून मॅट्रिक्ससाठी सिद्ध केलेलं पुष्कळसं तिथेही चालतं. ते आठ-दहा नियम म्हणजे ‘इथे आपली जुनी सिद्धता चालेल’ याची हमी. नियम पाठ करण्यापेक्षा नियम मोडणारी उदाहरणं गोळा करा. आलेखाच्या कागदाचा फक्त पहिला चरण घ्या: बेरीज होते, पण −१ ने गुणलं की बाहेर पडतो. शून्यातून न जाणारी रेषा घ्या: तिच्यात शून्यच नाही. अशी चार-पाच उदाहरणं स्वतः मोडून बघितली की व्याख्या आपोआप लक्षात राहते.

आणि ही कल्पना अवघड वाटली तर त्यात तुमचा दोष नाही. हेर्मान ग्रासमन या जर्मन शाळामास्तरांनी १८४४ मध्ये तिची मांडणी केली, तेव्हा गणितज्ञांनी तिच्याकडे जवळजवळ दुर्लक्ष केलं. ग्रासमन भाषांकडे वळले, संस्कृत शिकले आणि ऋग्वेदाचा शब्दकोश त्यांनी तयार केला. तो १८७३ ते १८७५ च्या दरम्यान निघाला. व्हेक्टर स्पेसचे नियम आजच्यासारखे मांडून दाखवले ते पेआनो यांनी, १८८८ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी.

आपली दिशा न सोडणारे व्हेक्टर

आयगेनव्हॅल्यू हे पेपरातलं हमखास गणित. ‘आयगेन’ हा जर्मन शब्द, अर्थ ‘स्वतःचा’. मॅट्रिक्स चालवली की बहुतेक व्हेक्टर दिशा बदलतात. काही थोडे मात्र आपल्याच रेषेवर राहतात, फक्त लांबी बदलते. ते आयगेनव्हेक्टर, आणि लांबी किती पट झाली तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू.

समजा, दर वर्षी गावातले दहा टक्के लोक शहरात जातात आणि शहरातले पाच टक्के गावी परततात. एकूण माणसं ३ लाख, सुरुवातीला निम्मी-निम्मी. काही वर्षांनी काय होईल? मॅट्रिक्स अशी:

०.९  ०.०५
०.१  ०.९५

हिच्या आयगेनव्हॅल्यू १ आणि ०.८५. १ चा व्हेक्टर (१, २): गावात एक लाख, शहरात दोन लाख असतील तर जाणारे १०,००० आणि येणारेही १०,०००, काहीच बदलत नाही. दुसरा व्हेक्टर (१, −१), म्हणजे या समतोलापेक्षा गावात जितके जास्त, शहरात तितकेच कमी. तो दर वर्षी ०.८५ पट होतो. आपल्या उदाहरणात गावात समतोलापेक्षा ५०,००० जास्त आहेत. पुढच्या वर्षी ते जास्तीचे ४२,५०० राहतील. दहा वर्षांनी ०.८५ चा दहावा घात, साधारण ०.२, म्हणजे दहा हजारांच्या आसपास. मॅट्रिक्स दहा वेळा गुणावी लागली नाही. दोन दिशा शोधल्या, आणि प्रत्येक दिशेत साधा चक्रवाढीसारखा हिशेब उरला.

वेबपानांचं महत्त्व ठरवण्यासाठी १९९८ मध्ये गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली पेजरँकची पद्धत हाच हिशेब करते. गाव आणि शहर यांच्याऐवजी वेबपानं, स्थलांतराऐवजी एका पानावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या लिंक. माणूस लिंकमागून लिंक दाबत भटकत राहिला तर शेवटी कुठल्या पानावर किती वेळ सापडेल, हे आयगेनव्हॅल्यू १ चा व्हेक्टर सांगतो. पानं कोट्यवधी असली तरी व्हेक्टर काढायची युक्ती साधी आहे: कुठूनही सुरुवात करा आणि मॅट्रिक्स पुन्हा पुन्हा चालवत राहा. एकपेक्षा लहान आयगेनव्हॅल्यूंचे भाग विरत जातात, जसे गावातले ते जास्तीचे ५०,००० विरत गेले, आणि जो व्हेक्टर उरतो तोच आपल्याला हवा असतो.